वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन (मूळ रशियन नाव : व्लादिमिर आरोनोविच खावकिन, जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे ज्यू वंशाचे जीवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी तयार करून त्यांचा माणसांवर मोठ्या प्रमाणावर वापर करणारे ते आद्य संशोधक मानले जातात. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम भारतात, विशेषतः मुंबईत झाले. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या व्यक्तींचे गट एकाच ठिकाणी, एकाच काळात ठेवून त्यांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडण्याची पद्धत हाफकिन यांनी भारतात वापरली. त्यामुळे वैद्यकीय चाचण्यांच्या इतिहासात त्यांना वेगळे स्थान आहे. त्यांच्या आकडेवारीवर त्या काळी गंभीर आक्षेपही घेतले गेले. १९०२ मध्ये पंजाबमधील मलकोवाल येथे लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. या दुर्घटनेचा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि तो दूर होण्यास सुमारे पाच वर्षे लागली.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसा (सध्याच्या युक्रेनमधील ओडेसा) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण बर्द्यान्स्क येथे झाले. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसा येथील नोव्होरोसिया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू होते.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीच्या संपर्कात आले. १८८१ मधील ज्यूविरोधी दंगलींच्या वेळी स्वसंरक्षक दलात सहभागी होऊन ते जखमी झाले व त्यांना अटकही झाली. मेच्निकोव्ह यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर ते ओडेसा येथील प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करू लागले. ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारल्याशिवाय त्यांना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. धर्मांतरास त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये ते जिनिव्हा येथे गेले आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ मोरित्झ शिफ यांचे साहाय्यक झाले.

पॅरिसमधील संशोधन

मेच्निकोव्ह यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम सुरू केल्यानंतर १८८९ मध्ये हाफकिनही तेथे गेले. प्रारंभी त्यांना संस्थेच्या ग्रंथालयात काम मिळाले. उरलेल्या वेळेत ते प्रयोगशाळेत संशोधन करीत. पुढे ते एमिल रू यांचे साहाय्यक झाले.

पटकीच्या जंतूंचा शोध रॉबर्ट कॉख यांनी लावला होता. १८८५ मध्ये स्पेनमधील हायमे फेरान यांनी पटकीची लस हजारो लोकांना टोचली. परंतु त्यांनी आपली पद्धत पूर्णपणे उघड करण्यास नकार दिला आणि त्यांचे आकडेही तपासता येण्याजोगे नव्हते. फ्रान्सहून गेलेल्या वैद्यकीय मंडळाने त्यांच्या कामाबद्दल प्रतिकूल मत दिले. लस उपयुक्त होती की नाही, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णित राहिला.

हाफकिन यांनी प्राण्यांच्या शरीरातून जंतूंचे वारंवार संक्रमण करून त्यांची तीव्रता वाढविली, तसेच उष्ण हवेच्या प्रवाहात वाढवून सौम्य जंतूही तयार केले. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र अशा दोन टोचण्यांची त्यांची पद्धत होती. जुलै १८९२ मध्ये त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप, टोचलेल्या जागी वेदना इत्यादी परिणामांची नोंद करून त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे मांडले.

निरोगी माणसाला लस सुरक्षितपणे टोचता येते, एवढेच या प्रयोगाने सिद्ध झाले. ती पटकीपासून संरक्षण देते का, हे पाहण्यासाठी जेथे हा रोग नेहमी आढळतो अशा प्रदेशात जाणे आवश्यक होते. माजी व्हाइसरॉय व त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत असलेले लॉर्ड डफरिन यांच्या साहाय्याने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली.

बंगाल व आसाममधील कार्य

हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. पुढील महिन्यात आग्रा येथून त्यांनी टोचणीस प्रारंभ केला. पुढील दोन वर्षांहून अधिक काळात त्यांनी उत्तर भारत, बंगाल व आसाम येथे ४२,००० हून अधिक लोकांना लस टोचली. ही टोचणी ऐच्छिक होती. सैनिक, तुरुंगांतील कैदी, चहामळ्यांतील मजूर आणि शहरी वस्त्यांतील रहिवासी यांचा त्यांत समावेश होता.

या मोहिमेत एक अडचण लवकरच लक्षात आली. एखाद्या ठिकाणी सर्वांना लस टोचली आणि तेथे पटकी आली नाही, तर त्याचे श्रेय लसीला देता येत नव्हते. कारण ती साथ तेथे मुळात येणारच नव्हती, असेही असू शकत होते. म्हणून एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या आणि एकच अन्न खाणाऱ्या लोकांपैकी काहींना लस टोचलेली व काहींना न टोचलेली असावी आणि दोघांची नोंद ठेवावी, या तत्त्वावर हाफकिन यांनी भर दिला.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान या वस्तीत याचे उदाहरण मिळाले. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम सिम्प्सन यांच्या सहकार्याने तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना लस टोचण्यात आली. त्यानंतर वस्तीत पटकीचे जे रुग्ण आढळले, ते सर्व लस न टोचलेल्यांपैकी होते. या निष्कर्षानंतर कलकत्ता नगरपालिकेने टोचणीच्या कामास आर्थिक साहाय्य दिले. १८९५ मध्ये प्रकृती खालावल्यामुळे हाफकिन युरोपला गेले आणि पुढील वर्षी भारतात परतले.

मुंबईतील प्लेग आणि लसनिर्मिती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. साथ वेगाने पसरली आणि हजारो लोक शहर सोडून गेले. सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली आणि तिच्यालगतची मार्गिका एवढीच जागा त्यांना प्रयोगशाळेसाठी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई होते.

प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी त्यांनी मांसाचा रस वापरला. गोमांसाचा रस वापरल्यास हिंदू समाजाकडून लसीला विरोध होईल हे लक्षात घेऊन बकऱ्याच्या मांसापासून रस तयार करण्यात आला. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले असता त्यांच्या आधाराने जंतूंचे तंतू खाली लोंबत वाढतात, असे त्यांना आढळले. हे तंतू वेळोवेळी हलवून खाली पाडले जात. काही आठवड्यांनी हा संवर्ध तापवून जंतू मारण्यात येत आणि त्यात अल्प प्रमाणात कार्बोलिक आम्ल मिसळण्यात येत असे. अशा रीतीने तयार झालेली लस मृत जंतूंची होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. इतरांसाठी योजलेल्या मात्रेपेक्षा त्यांनी घेतलेली मात्रा बरीच मोठी होती. त्यांना तीव्र ताप आला. परंतु काही दिवसांत ते पूर्ववत झाले.

याच काळात सरकारने साथरोग अधिनियम, १८९७ संमत केला. घरांची झडती, रुग्णांचे सक्तीने स्थलांतर आणि विलगीकरण यांमुळे जनतेत असंतोष निर्माण झाला. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी हल्ला केला व त्यात पुढे रँड यांचा मृत्यू झाला. अशा वातावरणात टोचणी ऐच्छिक ठेवणे आवश्यक होते. लसीविषयी अनेक अफवा पसरल्या होत्या. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. त्यानंतर त्या समाजातील हजारो लोक टोचणीसाठी पुढे आले. १८९८ मध्ये आगाखान यांनी आपली खुश्रू लॉज ही इमारत प्रयोगशाळेसाठी दिली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. हाफकिन या प्रयोगशाळेचे प्रमुख संचालक होते.

प्लेगच्या लसीच्या चाचण्या

हाफकिन यांनी १८९७ व १८९८ या वर्षांत निरनिराळ्या ठिकाणांहून तुलनात्मक आकडेवारी जमा केली. त्यांपैकी प्रमुख चाचण्या पुढीलप्रमाणे होत :

• भायखळा तुरुंग, मुंबई (जानेवारी-फेब्रुवारी १८९७) : तुरुंगात प्लेगचे रुग्ण आढळू लागल्यावर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. तुरुंगातील जवळजवळ निम्मे कैदी लस टोचलेले व उरलेले न टोचलेले होते. दोन्ही गटांचे अन्न, काम व निवास सारखे होते. न टोचलेल्यांत पुढे अधिक रुग्ण व मृत्यू आढळले. टोचणीच्या वेळीच रोगाची बाधा झालेल्या कैद्यांची नोंद हाफकिन यांनी वेगळी केली.

• खडकी छावणी, पुणे (१८९७) : तोफखान्याच्या छावणीत १,५३० लोकांपैकी ६७१ जणांनी लस टोचून घेतली. त्यांच्यापैकी ३२ जणांना प्लेग झाला व १७ दगावले. न टोचलेल्या ८५९ जणांपैकी १४३ जणांना प्लेग झाला व ९८ दगावले.

• दमण (१८९७) : पोर्तुगीज अमलाखालील या गावात २,१९७ लोकांनी लस टोचून घेतली. त्यांच्यापैकी ३६ मृत्यू पावले. न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मृत्यू पावले.

• उमरखाडी तुरुंग, मुंबई (१८९८) : येथे कैद्यांना रांगांमध्ये बसवून दर दोघांतील एकाला लस टोचण्यात आली. कोणाला लस मिळावी हे कैद्याच्या वा वैद्याच्या पसंतीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू होता.

• उंढेरा, बडोदा संस्थान (फेब्रुवारी १८९८) : या गावात प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या व्यक्तींना लस टोचण्यात आली. ९५० रहिवाशांपैकी ५१३ टोचलेले आणि ४३७ न टोचलेले होते. त्यानंतर २८ कुटुंबांत प्लेग उद्भवला. या कुटुंबांतील ७१ टोचलेल्या व्यक्तींपैकी ८ जणांना रोग झाला व ३ मृत्यू पावल्या. न टोचलेल्या ६४ व्यक्तींपैकी २७ जणांना रोग झाला व २६ मृत्यू पावल्या.

या चाचण्यांचे स्वरूप एकसारखे नव्हते. खडकी व दमण येथे लस घ्यायची की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरविले होते. लस घेणारे लोक अधिक सावध, अधिक सुस्थितीतील किंवा अधिक स्वच्छ घरांत राहणारे असल्यास त्यांच्यातील कमी मृत्यूंचे कारण केवळ लस आहे, असे म्हणता येत नाही. उमरखाडी व उंढेरा येथील रचनेमुळे ही शंका बरीच कमी झाली. एकाच घरातील माणसांची परस्परांशी तुलना होत असल्याने उंढेरा येथील चाचणी सर्वांत बोलकी ठरली.

आजच्या निकषांनुसार या चाचण्यांवर नैतिक आक्षेप घेतले जातात. कैद्यांची संमती कितपत मुक्त होती हा प्रश्न त्यांत प्रमुख आहे. साथ चालू असताना घरातील निम्म्या माणसांना लसीपासून वंचित ठेवणे हाही वादाचा विषय आहे.

आकडेवारीवरील आक्षेप व भारतीय प्लेग आयोग

भारत सरकारने १८९८ मध्ये भारतीय प्लेग आयोग नेमला. एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक टॉमस फ्रेझर हे त्याचे अध्यक्ष होते. जीवाणुशास्त्रज्ञ आल्मरॉथ राइट हेही आयोगाचे सदस्य होते. हाफकिन यांच्या टोचणीची परीक्षा करणे हे आयोगाच्या प्रमुख कामांपैकी एक होते.

आयोगाने प्रत्येक चाचणीची आकडेवारी स्वतंत्रपणे तपासली. साथीच्या काळात लोक गाव सोडून जात, काही परत येत आणि मृत्यूंची नोंद अनेकदा लपविली जाई. त्यामुळे न टोचलेल्यांची नेमकी संख्या ठरविणे कठीण होते. ती बहुधा एकूण लोकसंख्येतून टोचलेल्यांची संख्या वजा करून काढण्यात येत असे. टोचणीची मोहीम अनेक दिवस चालल्यास एकच व्यक्ती काही काळ एका गटात व नंतर दुसऱ्या गटात मोडत असे. रोगनिदानही सर्वत्र सारख्या काटेकोरपणे झालेले नव्हते. या कारणांमुळे काही ठिकाणचे आकडे आयोगाला पुरेसे विश्वसनीय वाटले नाहीत. लसीच्या वेगवेगळ्या घाणांची शक्ती सारखी नसते, हा दोषही आयोगाने नमूद केला.

असे असूनही आयोगाचा निष्कर्ष लसीला अनुकूल होता. टोचणीमुळे प्लेग होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते व मृत्यूचे प्रमाणही कमी होते. मात्र संरक्षण पूर्ण नसते, पहिल्या काही दिवसांत ते फारसे मिळत नाही आणि त्यानंतर ते निदान काही आठवडे टिकते, असे मत आयोगाने दिले. हाफकिन यांनीही १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देऊन आपल्या चाचण्यांचे तपशील मांडले होते.

मलकोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्लेगविरोधी टोचणीची मोठी मोहीम हाती घेतली. त्यासाठी लागणाऱ्या लसीची मागणी परळच्या प्रयोगशाळेच्या नेहमीच्या उत्पादनापेक्षा कितीतरी अधिक होती. ती पुरविण्यासाठी हाफकिन यांनी लसनिर्मितीच्या पद्धतीत बदल केला. जंतू रसाऐवजी अगारवर वाढविण्यात येऊ लागले. तसेच उष्णतेने जंतू मरत असल्यामुळे कार्बोलिक आम्ल मिसळणे थांबविण्यात आले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल (सध्या पाकिस्तानात) या गावी १०७ लोकांना पाच बाटल्यांमधून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेल्या सर्व १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला व ते सर्व मृत्यू पावले. इतर चार बाटल्यांमधून टोचलेल्या ८८ जणांना कोणताही अपाय झाला नाही. प्रत्येक बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून लस टोचली याची नोंद ठेवलेली होती. त्यामुळे दोष एकाच बाटलीत होता, हे तत्काळ निश्चित करता आले. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत केव्हा शिरले, हा वादाचा विषय ठरला.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत भरताना, दूषित झाली असावी असा निष्कर्ष आयोगाने १९०३ मध्ये काढला. कार्बोलिक आम्ल वगळणे हे धोक्याचे पाऊल मानले गेले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते युरोपला गेले. पंजाबमधील मोहीम कोलमडली व लसीवरील लोकांच्या विश्वासाला मोठा धक्का बसला.

निष्कर्षाची फेरतपासणी

चौकशीची कागदपत्रे दीर्घकाळ प्रसिद्ध करण्यात आली नव्हती. त्यामुळे इतर शास्त्रज्ञांना पुराव्याची शहानिशा करता येत नव्हती. डिसेंबर १९०६ मध्ये ती भारत सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध झाल्यानंतर चित्र बदलले.

या कागदपत्रांतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली म्हणजे, मलकोवाल येथे ही बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरण्यात आला होता. जमिनीतील मातीत धनुर्वाताचे जंतू सामान्यतः आढळतात. दुसरी गोष्ट म्हणजे, लस भरल्यापासून ती टोचेपर्यंत ४१ दिवस गेले होते. एवढ्या काळात धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढले असते, तर तिला उग्र दुर्गंधी आली असती आणि साठलेल्या विषामुळे टोचलेल्यांना फार लवकर लक्षणे दिसली असती. प्रत्यक्षात बाटली उघडताना दुर्गंधी आढळली नव्हती व लक्षणे काही दिवसांनी दिसली होती. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याचा अभ्यास केल्यानंतरही दूषितीकरण प्रयोगशाळेतच झाले, असे निश्चितपणे म्हणता आले नाही.

मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांच्या बाजूने लेखन केले. त्यांनी व इतर नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांनी सह्या केलेले पत्र जुलै १९०७ मध्ये लंडनच्या द टाइम्स या दैनिकात प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाही, असे मत त्यात मांडले होते. ब्रिटिश संसदेतही हा प्रश्न उपस्थित झाला. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा सेवेत घेण्यात आले.

उत्तरायुष्य

पुनर्नियुक्तीनंतर हाफकिन यांना मुंबईतील पद परत मिळाले नाही. ते कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालक झाले. तेथे लसनिर्मितीची सोय नव्हती. त्यामुळे पुढील वर्षांतील त्यांचे काम मुख्यतः सैद्धांतिक लेखनापुरते मर्यादित राहिले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले व फ्रान्समध्ये राहू लागले.

उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ झाले. १९१६ मध्ये त्यांनी पारंपरिक ज्यू आचारधर्माचे समर्थन करणारा निबंध प्रसिद्ध केला. पूर्व युरोपातील ज्यू समाजाच्या शिक्षणासाठी त्यांनी काम केले आणि आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणसंस्थांच्या साहाय्यासाठी स्थापन केलेल्या निधीस दिली. ते अविवाहित होते. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले. तेथेच २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

सन्मान

राणी व्हिक्टोरिया यांच्या हीरकमहोत्सवानिमित्त १८९७ मध्ये हाफकिन यांना सीआयई हा किताब देण्यात आला. १९०० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्यांना कॅमेरॉन पारितोषिक दिले. परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले होते. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. हा सन्मान हाफकिन यांना हयातीत मिळाला. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

वारसा

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठविण्यात आल्या. हाफकिन संस्थेने पुढे इतर लसी व सर्पदंशावरील प्रतिविष यांच्या निर्मितीत महत्त्वाचे कार्य केले. विषारी सर्पांचे प्रमाण अधिक असलेल्या कोकणासारख्या प्रदेशाला या प्रतिविषाचा विशेष उपयोग झाला.

हाफकिन यांच्या चाचण्यांवरून आणि त्या काळातील विषमज्वराच्या लसीवरून झालेल्या वादांतून चाचणीचे निष्कर्ष कसे मांडावेत याविषयीचे विचार स्पष्ट होत गेले. १९१५ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड व अडनी यूल यांनी विषमज्वर व पटकी यांच्या टोचणीच्या आकडेवारीची चिकित्सा केली. टोचलेले व न टोचलेले लोक सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असावेत, दोघांना रोगाची बाधा होण्याची शक्यता सारखी असावी, तसेच टोचणीची नोंद व रोगाचे निदान परस्परांवर अवलंबून नसावे, अशा अटी त्यांनी मांडल्या. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत रुग्णांची गटांत विभागणी यदृच्छ पद्धतीने करण्यात आली. दर दोघांतील एकाला लस टोचण्याच्या उमरखाडीतील रचनेमागे याच विचाराचे प्राथमिक रूप दिसते. चाचणीच्या अहवालात कोणती माहिती असलीच पाहिजे हे सांगणारी कन्सॉर्ट ही मार्गदर्शक सूची १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात २००७ मध्ये वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून चाचणी सुरू होण्यापूर्वी तीत नोंद करणे बंधनकारक झाले.

हृदयस्पंदक, स्टेंट, कृत्रिम खुबा यांसारख्या शरीरात बसविल्या जाणाऱ्या साधनांच्या चाचण्यांनाही हीच तत्त्वे लागू होतात. औषध थांबविता येते. बसविलेले साधन काढण्यासाठी मात्र बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून किती रुग्णांत साधन बसविले, किती जण पुढील तपासणीस आले नाहीत, कोणाला वगळले व का, कोणते अपाय झाले आणि ते कोणत्या घाणातील साधनामुळे झाले, या नोंदींना येथे विशेष महत्त्व आहे. भारतात १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय साधने नियम, २०१७ यांमध्ये अशा साधनांच्या चाचण्या व त्यांतील गंभीर अपायांची माहिती कळविणे यांविषयी तरतुदी आहेत. मलकोवाल येथे दोषी बाटली तिच्या क्रमांकामुळे ओळखता आली, तर तिच्याविषयीचा चुकीचा निष्कर्ष चौकशीची कागदपत्रे उघड झाल्यानंतरच दुरुस्त झाला. अपायांची नोंद पूर्ण व सर्वांना तपासता येईल अशी असावी, या आग्रहाच्या संदर्भात हाफकिन यांचे उदाहरण आजही दिले जाते.